शेवटचं कधी ऐकलं

रातकिडा ऐकताना बाई डोळे मिटायच्या. हेडफोन कानांवर बसवला की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, मग डोळे मिटायच्या आणि उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलापासून किंचित वर उचलून धरायच्या. ओळख पटली की बोट टेबलावर टेकायचं. मग त्या नाव सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. मी केंद्रावर रुजू झाले तेव्हापासून हे असंच चाललं होतं. त्या जानेवारीत कधीतरी माझ्या लक्षात आलं, की चष्मा आता टेबलावर येत नाही. बाई डोळे उघडे ठेवून ऐकतात. आणि ऐकताना माझ्या चेहऱ्याकडे बघतात.

मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. माणसाच्या सवयी बदलतात.

याला आता बरीच वर्षं झाली. आजऱ्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला आमचं छोटंसं केंद्र होतं. तीन खोल्या, एक जुनी जीप आणि तीन माणसं. डॉ. कुमुद हेर्लेकर, ज्यांना सगळे बाई म्हणायचे. मी, वैजयंती, भौतिकशास्त्र शिकून किड्यांच्या आवाजाकडे वळलेली. आणि यंत्रं सांभाळणारा अन्वर मुजावर. रातकिड्यांचे आवाज टिपायचे, कोणता आवाज कोणत्या जातीचा ते ठरवायचं आणि सगळं नीट साठवायचं, एवढंच काम.

लॅटिन नावं कागदावर असायची. तोंडात मात्र बाईंनी ठेवलेली नावं. एक जात होती 'शिवणयंत्र', कारण ती तशीच टकटकत जायची. एक 'कुकर'. एक 'पैंजण'. एक 'काचवाला', काचेवरून नख ओढल्यासारखा. आणि सगळ्यांत वरच्या सुराची 'सुई'. सुईचा आवाज इतका बारीक, की नवीन आलेल्या माणसाला तो आवाज आहे हेच आधी कळत नसे. कानात काहीतरी टोचल्यासारखं वाटे. मला पहिल्यांदा ती ऐकू आली तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "आली ना? मग आता तू आमची."

केंद्राचा एक नियम होता. प्रत्येक आवाजाच्या दोन फाइली. एक 'मूळ', जशी टिपली तशी. दुसरी 'वापर', आकाराने लहान केलेली, रोज ऐकायला. लहान करताना अगदी वरचे सूर कापले जायचे, पण ओळख पक्की करायला तेवढं पुरायचं. सुई आणि काचवाला मात्र तशा फाइलीत उरायचेच नाहीत. त्यांना आम्ही ज्या दिवशी टिपलं त्याच दिवशी ऐकून घ्यायचो. मूळ फाइलीला त्यानंतर कुणीही हात लावायचा नाही. हा नियम बाईंनीच केलेला.

त्या वर्षी आमचा सगळा साठा पुण्याच्या मुख्य कार्यालयाकडे कायमचा जाणार होता. मूळ फाइलींना धक्का लागलेला नाही हे पुण्याला रोज कळावं, म्हणून पराग नावाच्या एका विद्यार्थ्याने पर्ल या संगणकाच्या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहून दिला आणि तो बंगळूरला निघून गेला. प्रोग्रॅम रोज सकाळी प्रत्येक मूळ फाइल शेवटची कधी बदलली ते तपासायचा, साठवल्यानंतर बदललेल्या फाइलींची यादी करायचा आणि ती आपोआप पुण्याला पाठवायचा.

पहिल्याच आठवड्यात पुण्याहून टिपणीस सरांचा फोन आला. डॉ. टिपणीस तिकडचे प्रमुख. फोन मी घेतला.

"वैजयंती, तुमच्याकडे मूळ फाइली कोण बदलतंय?"

"कुणीच नाही, सर."

"मग माझ्यासमोर पाच नावं कशी आहेत? चार जुन्या तारखांची. आणि एक 'पैंजण' म्हणून आहे, ती तर रोज बदलते. आज सकाळीसुद्धा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यंत्र अन्वरच्या ताब्यात असतं ना?"

"हो, पण सर..."

"त्याचा करार मार्चमध्ये संपतोय. कागद माझ्या टेबलावर आहे. मूळ नोंदींशी कुणी खेळत असेल, तर मी त्यावर सही करणार नाही. आणि तुमचा साठाही घेता येणार नाही. मी सोमवारी येतो."

अन्वर तिथेच होता. एका मायक्रोफोनची तार डागत बसलेला. फोनमधला सरांचा आवाज त्याला ऐकू गेला होता. त्याने डागणी बाजूला ठेवली.

"माझ्यावर आलं का, मॅडम?"

"सरांचा गैरसमज झालाय. मी बघते."

"बघा," तो म्हणाला आणि पुन्हा डागणी उचलली. पण तिला कथील लावायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. केंद्रावर येण्याआधी तो गडहिंग्लजला रेडिओ दुरुस्त करायचा. ते दुकान त्याने या नोकरीसाठी बंद केलं होतं.

दुपारी मी परागचा प्रोग्रॅम उघडला.

यंत्र प्रत्येक फाइलीविषयी स्वतःहून काही माहिती ठेवत असतं. आकार किती, मालक कोण, शेवटची वाचली कधी, शेवटची बदलली कधी. फाइल न उघडता हे सगळं विचारता येतं. पर्लला विचारलं, की उत्तर म्हणून एका रांगेत नुसते आकडे येतात. कशाला काही नाव नाही. कितव्या जागेवर काय आहे ते आपण लक्षात ठेवायचं. आणि जागा मोजायच्या त्या शून्यापासून.

शेवटच्या बदलाची वेळ नऊ क्रमांकाच्या जागेवर असते. परागने आठ क्रमांकाची घेतली होती. त्याने काय केलं असेल ते मला लगेच दिसलं, कारण तो मुलगा फार काळजीपूर्वक काम करणारा होता. मोजणी शून्यापासून असते, म्हणून त्याने नऊमधून एक वजा केला होता. पर्लच्या पुस्तकातली यादी आधीच शून्यापासून मोजलेली होती.

आठ क्रमांकाच्या जागेवर वेगळी वेळ असते. फाइल शेवटची वाचली कधी, ती.

मी लगेच दुरुस्ती केली नाही. आधी प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक ओळ वाढवली. त्या ओळीमुळे तीच माहिती आकड्याऐवजी नावाने मागता येते. आकार हवा तर आकार म्हणायचं, बदल हवा तर बदल, वाचन हवं तर वाचन. मग मी दोन्ही वेळा शेजारी शेजारी छापल्या. बदल: सगळ्या फाइली जशाच्या तशा, साठवल्या त्या दिवसाच्या. वाचन: पाच फाइली वेगळ्या.

मी बाहेर आले. अन्वर व्हरांड्यात डबा उघडून बसला होता.

"अन्वरभाई, फाइली बदललेल्या नाहीत. परागची जागा चुकली."

"कसली जागा?"

"तुमच्या घरी मांडणीवर डबे आहेत ना? एकसारखे, चिठ्ठी नसलेले?"

"आहेत की. अम्मीशिवाय कुणाला कळत नाही त्यातलं."

"डावीकडून तिसरा साखर, चौथा मीठ. मोजायला चुकलं तर?"

"चहात मीठ." तो हसला. "आमच्या भावजयीनं केलाय तो पराक्रम. पाव्हण्यांना दिला वर."

"तेच झालंय. आता मी डब्यांवर नावं घातली. बदल झालेला नाही. कुणीतरी त्या फाइली नुसत्या उघडून ऐकल्यात."

त्याचं हसू गेलं. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"मग सरांना तेवढंच सांगा. बदल नाही म्हणून."

"ते विचारणार, ऐकल्या कुणी. मूळला हात लावायचा नाही असा नियम आहे."

"मी ऐकल्या म्हणून सांगा."

"तुम्ही ऐकल्या?"

"सांगा की मॅडम तसं." त्याने डब्याचं झाकण लावलं. "सकाळी कुलूप मी काढतो. माझ्यावर घातलं तर कुणाला नवल वाटणार नाही."

"करार जाईल तुमचा."

"दुकान आहे अजून. पत्रा बदलायला लागेल, बास." आणि तो जीपकडे गेला. जीपला काही झालेलं नव्हतं.

मी पुन्हा आत येऊन बसले. यंत्रावर आम्ही सगळे एकाच नावाने काम करायचो, त्यामुळे फाइल कुणी उघडली हे त्यातून कळणार नव्हतं. पैंजणाची फाइल उघडून ऐकावी, त्यात काय आहे ते बघावं, असं एकदा मनात आलं. बोट कळीवर गेलंही होतं. पण मी ती उघडली असती, तर त्या क्षणी तिच्यावर माझी वेळ उमटली असती आणि आधीची पुसली गेली असती. मी हात मागे घेतला.

त्याऐवजी मी पाचही नावं एका कागदावर लिहिली. शेजारी शेवटच्या वाचनाची तारीख. आणि मग, निव्वळ सवयीने, त्यांना सुराच्या उंचीप्रमाणे लावलं, वरून खाली. हे आकडे मला पाठ होते.

सुई. शेवटचं वाचन: दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर.

काचवाला. त्याच्या पुढच्या वर्षीचा मे.

शिवणयंत्र. त्याच वर्षीचा ऑगस्ट.

कुकर. नोव्हेंबर.

पैंजण. आज सकाळ.

सूर जसा खाली येत होता तशी तारीख अलीकडे सरकत होती. एकही अपवाद नाही. मी खूप वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

संध्याकाळी मी बाईंकडे गेले. केंद्राच्या मागेच त्यांचं घर होतं. त्या पायरीवर बसून हरभऱ्याचे सोलाणे काढत होत्या. मी समोर बसले आणि मूठभर घाटे माझ्याकडे ओढले.

"तुझं काय निघालं?" त्यांनी विचारलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी सावकाश आणि जरा मोठ्याने सांगितलं. परागची चूक, आठ आणि नऊ, बदल आणि वाचन.

"म्हणजे आकड्यानं विचारलं म्हणून घोळ झाला. नावानं विचारलं तेव्हा खरं कळलं."

"हो."

"बिचारा पराग. एवढा जपून वागणारा पोरगा." त्यांनी एक घाटा फोडला. आत दाणा नव्हता. "आणि कुणी ऐकलं तेही सांगतो का तुझा प्रोग्रॅम?"

"नाही बाई. आपण सगळे एकाच नावाने आत जातो."

"हं."

आम्ही घाटे फोडत राहिलो. कुंपणाशी सूर्य उतरला आणि गवतातला पहिला किडा सुरू झाला. पैंजण होता. मी मान वर केली नाही. बाईंचे हात थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, मग परत माझ्याकडे.

"गेल्या पावसाळ्यात," त्या म्हणाल्या, "मी तुला प्रत्येक वेळी आधी नाव सांगायला लावायचे. राग आला असेल."

"नाही. मला वाटायचं तुम्ही माझी परीक्षा घेताय."

"एकदाही चुकली नाहीस."

"तुम्ही शिकवलं होतंत."

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. "घेऊन जा हे. उसळ कर. अन्वरलाही दे थोडी." मग विचारलं, "अजून काही विचारायचंय का वैजू?"

पिशवीतला कागद माझ्या गुडघ्याला लागत होता.

"नाही बाई," मी म्हणाले.

सोमवारी टिपणीस सर आले. बाईंनी त्यांच्यासाठी आल्याचा चहा केला आणि अन्वरने खुर्च्या मांडल्या. सर आणि बाई तरुणपणी एकाच प्रयोगशाळेत होते, पण सर आल्या आल्या कामाचंच बोलले. मी दोन्ही वेळा छापलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. घडीचा नव्हे, दुसरा, फाइली नेहमीच्या क्रमाने असलेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"म्हणजे मजकूर शाबूत आहे."

"पूर्ण. आकारही तेच आहेत."

"बरं झालं. साठ्याचा प्रश्न मिटला." त्यांनी चष्मा वर केला. "पण मूळ फाइल रोज सकाळी उघडली जाते, हे खरंच ना? आज नुसतं ऐकलं, उद्या चुकून पुसलं तर? ज्याला नियम पाळता येत नाही, त्याच्या हातात यंत्र कसं ठेवू?"

बाई सरांच्या ओठांकडे बघत होत्या.

"सर, मी उघडतो," दारापाशी उभा असलेला अन्वर म्हणाला. तो नेहमीच हळू बोलायचा. तेव्हा तर आणखी हळू.

"काय म्हणाला तो?" बाईंनी मला विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत अन्वर दोन पावलं पुढे आला आणि मोठ्याने म्हणाला, "मी ऐकत होतो, बाई. मूळ फाइली. मीच."

"तू?" बाई हसल्या. खरंच हसल्या, खांदे हलेपर्यंत. "अरे, तुला कुकर आणि शिवणयंत्र यांतला फरक सांगून सांगून मी थकले. शेवटी म्हणालास, बाई, दोन्ही बंद केले तर चालतील का!"

टिपणीस सरांनाही हसू आवरलं नाही. अन्वर मात्र हसला नाही.

"नियम माहीत होता ना तुम्हाला?" सरांनी त्याला विचारलं.

"होता, सर."

"मग?"

"चुकलं, सर."

बाईंचं हसू विरत गेलं. त्यांनी कप बशीत ठेवला. बशी जराशी वाजली.

"अन्वर, रोज सकाळी माझ्यासाठी लवकर कुलूप काढतोस. मी तुला कधी काही सांगितलं नाही. तू कधी विचारलं नाहीस."

"विचारायचं काय होतं त्यात, बाई?"

"माझी खुर्ची पुसून ठेवतोस आणि बाहेर जाऊन उभा राहतोस. मला वाटायचं, विडी ओढायला जातोस."

"विडी सोडली की मी. लग्नाआधीच."

बाईंनी मान हलवली. मग माझ्याकडे वळल्या. "वैजू, सुई लाव. मूळ फाइल. हेडफोन नको, सगळ्यांना ऐकू दे."

"हेर्लेकर बाई, मूळ फाइल..." टिपणीस सर म्हणू लागले.

"नियम माझा आहे, टिपणीस. मोडणारही मीच."

मी यंत्रापाशी गेले. फाइल समोर होती. तिच्यावरची ती जुनी, नोव्हेंबरातली वेळ आता जाणार होती. मी मागे वळून पाहिलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि डोळे मिटले होते. पहिलं बोट टेबलापासून किंचित वर.

मी फाइल लावली.

आधी बाईंचाच आवाज आला. प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला टिपणाऱ्याने ठिकाण आणि तापमान बोलायचं, अशी आमची पद्धत होती. "दाजीपूरची वाट, कारवीची झुडपं, अंगात स्वेटर आहे एवढी थंडी." आवाज तरुण होता. मग क्षणभर शांतता, आणि मग सुई सुरू झाली. बारीक, सरळ, न थरथरणारी. टिपणीस सरांची भुवई वर गेली. अन्वरने नकळत कानाशी हात नेला. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत कुणीतरी दोरा ताणून धरल्यासारखा तो सूर होता.

बाईंचं बोट वरच होतं.

फाइल संपली. खोलीत काहीच उरलं नाही. बाहेर जीपवर कावळा बसला आणि उडाला. बाईंचे डोळे अजून मिटलेले, बोट अजून वर. चेहऱ्यावर तीच एकाग्रता. त्या वाट बघत होत्या.

शेवटी अन्वर पुढे झाला, त्यांच्या खुर्चीशी वाकला आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "झालं, बाई."

"झालं?"

"हो. होऊन गेलं."

बाईंनी बोट सावकाश टेबलावर टेकवलं. डोळे उघडले. आधी अन्वरकडे पाहिलं, मग टिपणीस सरांकडे. मी खाली बघत होते. पिशवीतला कागद मी तेव्हाही बाहेर काढला नाही, नंतरही नाही.

"आधी सुई गेली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता, नोंद सांगावी तसा. "मग काचवाला. मग शिवणयंत्र, मग कुकर. वापराच्या फाइलींत वरचे सूर कापलेले असतात, त्यामुळे दोष फाइलीचा की माझा, ते कळायचं नाही. म्हणून मूळ ऐकत होते. रोज सकाळी, शांत असताना. ऐकू येईनासं झालं की ती सोडून खालची घ्यायची. पैंजण अजून येतं. पण त्या दिवशी संध्याकाळी कुंपणाशी वाजत होतं, ते मला या मुलीच्या मानेवरून कळलं."

मी मान हलवली नव्हती, ती नुसती ताठ झाली असणार. पण बाईंना दिसलं होतं.

"गेल्या हंगामातल्या नोंदी?" टिपणीस सरांनी हळूच विचारलं. मग लक्षात येऊन पुन्हा, मोठ्याने.

"सगळ्या हिच्या कानाच्या आहेत. मी फक्त हिच्या चेहऱ्याकडे बघून होकार दिला. एकही चुकीची नाही. तपासून घ्या."

"तपासायची गरज नाही."

"तपासा. आणि त्या अन्वरच्या कागदावर आधी सही करा. इथेच, माझ्यासमोर."

सरांनी पिशवीतून कागद काढला. पेन त्यांना सापडेना. अन्वरने खिशातलं दिलं आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला, पाठमोरा. सही झाली. सरांनी पेन टेबलावर ठेवलं.

बाई उठल्या. टेबलाच्या त्यांच्या बाजूला दोन हेडफोन असत. त्यातला त्यांचा, कापडी गादी झिजलेला, त्यांनी उचलला, तार नीट गुंडाळली आणि माझ्यासमोर ठेवला. माझ्यासमोरची नोंदवही आणि पेन्सिल आपल्याकडे ओढली. मग माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कोऱ्या पानावर हात फिरवला.

"टिपणीस, केंद्राच्या कागदांवर तसं लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "मला आता ऐकू येत नाही. या हंगामापासून ऐकणार वैजू. मी लिहीन."